ट्रेकरचा स्टोव्ह आणि फडातली चूल

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण कारखान्याचे सभासद असाल तर नक्की वाचा.

मी डिप्लोमाच्या मुलांना मेकॅनिकल शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी माझ्यासमोर येते आणि त्यात एक विषय दरवर्षी हमखास असतो : पोर्टेबल स्टोव्ह. घडी होणारा, सॅकमध्ये मावणारा, किलोभर वजनाचा, उघड्यावर स्वयंपाक करायला. रिपोर्टच्या पहिल्या पानावर राजगड नाहीतर कोकणकडा. मुलांचं काम वाईट नसतं. पत्रा नीट कापलेला असतो, बिजागरी नीट बसते, अर्धा लिटर पाणी किती मिनिटांत उकळलं त्याचा आलेखही असतो. बाहेरचे परीक्षक खूश होतात, मार्क मिळतात आणि स्टोव्ह कपाटात जातो.

मला खटकतं ते वेगळंच. ही तोंडी परीक्षा चालू असते तेव्हा कॉलेजच्या गेटसमोरून उसाच्या ट्रॉल्या जात असतात किंवा नुकत्याच जायच्या थांबलेल्या असतात. आपल्या भागात वर्षातले चार-पाच महिने रोज, दोन्ही वेळेला, उघड्यावर स्वयंपाक करणारी माणसं कोण? ट्रेकर? ट्रेकर वर्षातून आठ-दहा रात्री बाहेर काढतो, त्याला स्टोव्ह मिळाला नाही तर तो बिस्किटावर झोपतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून ऊस तोडायला येणारी बाई पहाटे तीन-चारला उठून दिवसभराच्या भाकरी थापते, त्या कुठे? तीन दगडांवर. त्या तीन दगडांकडे डिझाइनचा प्रश्न म्हणून बघावं असं आपल्यापैकी कुणाला वाटत नाही. मला तर तो आपल्या तालुक्यातला सगळ्यात मोठा डिझाइनचा प्रश्न वाटतो.

‘पोर्टेबल’ शब्दाचा खरा अर्थ त्या टोळीकडून शिकावा. फड संपला की टोळी हलते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत कोपीचे बांबू, ताडपत्री, भांडी, पोरं, कोंबड्या, सगळं एकदम. त्या ढिगाऱ्यात जे दबून मोडत नाही, हरवत नाही आणि उतरल्यावर अर्ध्या तासात पेटतं, ते पोर्टेबल. बिजागरी, स्क्रू आणि घडीचे पाय यातलं काही तिथे टिकत नाही. वजन मात्र पाच-सहा किलो असलं तरी चालतं, कारण ते पाठीवर न्यायचं नसतं. म्हणजे ट्रेकरच्या स्टोव्हचा पहिला नियमच इथे गैरलागू. किलोच्या आत बसवण्यासाठी मुलं जी धडपड करतात तिचा इथे उपयोग शून्य.

दोन वर्षांपूर्वी एका गटाला मी म्हटलं, तुमचा स्टोव्ह घ्या आणि चला टोळीवर. गेलो. एका बाईंनी तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, “सर, ह्याच्यावर भाकर कुठं टेकवायची?” मुलं म्हणाली, तवा बसतो की वर. “तवा बसतो वो. पण शेकायची कुठं? आन् पोरगं पळत आलं, धक्का लागला, मग?” एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी मुलांना जो डिझाइन ब्रीफ दिला तो कुठल्या पुस्तकात नाही.

भाकरीचं गणित जरा खोलात सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं. भाकरीला दोन प्रकारची उष्णता लागते. आधी तव्याची, सगळीकडे सारखी पसरलेली. मग विस्तवाची, थेट, जिच्यासमोर चुलीच्या तोंडाशी ती उभी केली की टम्म फुगते. कमी लाकडात जास्त आच देणाऱ्या ज्या आधुनिक चुली आहेत, त्यांचा कल उलटा. त्या ज्योत एका बिंदूवर गोळा करतात. पातेलं झकास तापतं, पण तव्यावर भाकरीला मधोमध डाग पडतो आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय त्या लाकूड इतकं पुरतं जाळतात की शेकायला निखारेच फारसे उरत नाहीत. चुली तपासायच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १३१५२ मध्ये, कार्यक्षमता मोजतात ती पाणी तापवून. नैसर्गिक ओढीच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के अशी अट आहे. अट चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठवाड्यातून येणाऱ्या टोळीसाठी चूल करायची तर त्या चाचणीच्या जोडीला ‘वीस भाकरींची चाचणी’ हवी : सलग वीस भाकरी, किती लाकूड लागलं, किती वेळ लागला, किती करपल्या.

आता ही चूल करायची कशी? नवा शोध लावायची गरज नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये अ‍ॅप्रोव्हेचो नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे लॅरी विनियार्स्की या माणसाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रॉकेट स्टोव्ह’ची तत्त्वं मांडली आणि ती सगळ्यांसाठी खुली आहेत. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी वाकलेली नळी, आडव्या भागातून लाकूड आत, उभ्या भागातून ज्योत वर. लाकडाखाली एक पट्टी, म्हणजे हवा खालून जाते आणि निखाऱ्याला लागते. नळीभोवती उष्णता अडवणारा थर. भांड्याभोवती साधारण बोटभर फट ठेवून पत्र्याचं कडं, म्हणजे गरम हवा भांड्याला घासून जाते आणि वाराही अडतो. डिसेंबरच्या पहाटे उघड्या रानात वारा कसा असतो हे ज्याने उसाला पाणी पाजलंय त्याला सांगायला नको. तीन दगडांच्या मधली अर्धी आच तोच घेऊन जातो.

यातली एक गोष्ट आपल्या लोकांना पटवायला फार वेळ लागतो. आपल्याला वाटतं, माती जाड लिंपली की चूल उष्णता ‘धरून ठेवते’. धरते, पण स्वतःसाठी. जड माती आणि दगड सुरुवातीचा बराच वेळ स्वतःच तापत बसतात, तेवढा वेळ भांड्याला आच कमी आणि धूर जास्त. उष्णता अडवायला हलकी, पोकळ वस्तू लागते. सगळ्यात स्वस्त अशी वस्तू प्रत्येक चुलीत रोज तयार होते, तिचं नाव राख. किराणा दुकानातून पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणायचा, त्यात चार इंची नळीचा कोपर बसवायचा आणि मधली जागा चाळलेल्या राखेने भरायची. झाली मूळ चूल. जगभरात हेच केलंय.

आपल्या टोळीसाठी त्यात बदल करावे लागतील. तोंड रुंद हवं आणि तोंडापुढे निखारे ओढून घ्यायला जाड पत्र्याचं ताट, म्हणजे भाकरी शेकायची सोय झाली. तव्यासाठी वेगळी बैठक हवी, जी तवा दोन-अडीच सेंटिमीटर उचलून धरेल आणि ज्योतीला कडांकडे पसरायला जागा देईल. बूड डब्यापेक्षा रुंद हवं, कारण बाई बसून एका हाताने पिठलं घोटते तेव्हा भांडं रेटलं जातं आणि आसपास पोरं असतात. उंची पिढ्यावर बसणाऱ्या बाईच्या हिशोबाने, उभ्याने रांधणाऱ्याच्या नाही. आतली नळी लाल होईपर्यंत तापते. साध्या पत्र्याची केली तर हंगामभरात भाजून चाळणी होते. तेव्हा ती जाड किंवा स्टेनलेसची करावी, आणि कशाचीही केली तरी बाहेर काढून बदलता आली पाहिजे. गावातल्या वेल्डिंगवाल्याला दुरुस्त करता येत नाही अशी चूल रानात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरच्या मातीच्या चुलीला वैल असतो, त्याचं काय? एका बाजूला भाकरी, वैलावर कालवण. डब्याच्या चुलीला वैल जोडला की ती जड होते आणि आच विभागली जाते. माझ्या मते इथे वैलाचं काम पाटीने करावं. डाळ भिजवून ठेवायची, दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळायची आणि झाकणासकट पातेलं घट्ट दाबलेल्या पाचटाच्या पाटीत, वर गोधडी टाकून ठेवून द्यायचं. भातालाही हेच चालतं. पाचट उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तास-दीड तासात आतल्या आत शिजतं. आच बंद, धूर बंद, जवळ बसायची गरज नाही. फडात पाचटाला तोटा नाही आणि पाटीला पैसे पडत नाहीत. एकच काळजी, पाटी चुलीपासून लांब ठेवायची.

मग पाचटच जाळा की, असं कुणीतरी म्हणणारच. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि बरंच आपण रानातच पेटवून देतो. पण नुसतं पाचट चुलीत घातलं की भुर्रकन पेटतं आणि संपतं. बाईला चुलीपुढून हलता येत नाही, आणि जरा जास्त कोंबलं की धुराचा लोट. बळकट पिळून पेंढ्या केल्या तर थोडं बरं जळतं. खरा उपाय पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या गटाने, फार पूर्वी करून दाखवलाय. पाचट बंद भांड्यात भाजून कोळसा करायचा आणि त्याच्या कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेचा ‘सराई कुकर’ शंभरेक ग्रॅम कांड्यांवर वाफेने चार-पाच जणांचा वरणभात शिजवतो. जगाने बक्षीस दिलं आणि ज्यांच्या पायाखाली ते पाचट आहे त्यांच्या कोपीत ते दिसत नाही. कारण उघड आहे. कोळसा पाडायला वेळ लागतो आणि कोयत्याला वेळ नसतो. हे काम कारखान्याने किंवा बचत गटांनी करून कांड्या टोळीला पुरवल्या तरच जमेल. आणि कांड्या दिल्या तर एक सूचना ठळक अक्षरात द्यावी लागेल : थंडी वाजते म्हणून जळत्या कोळशाचं घमेलं बंद कोपीत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

“उघड्यावर तर असतात, धुराचा काय त्रास?” हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडून ऐकलंय. धूर आभाळात जायच्या आधी दीड-दोन फुटांवर असलेल्या तोंडात जातो. विस्तव फुंकताना तर अंतर फूटभरच. मांडीवर पोर असेल तर त्याच्याही तोंडात. आणि आगीचं वेगळंच. कोपी पाचटाची, वाढ्याची नाहीतर ताडपत्रीची, भोवती वाळलेलं पाचट, आणि मधोमध तीन दगडांवर उघडा जाळ. राखेच्या थरात बंद असलेल्या नळीत जाळ ठेवणं ही फक्त लाकूड वाचवायची गोष्ट राहत नाही.

आता सरकारी योजनांकडे. १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. तोपर्यंत कागदावर देशात ३ कोटींहून जास्त चुली बसल्या होत्या. आपल्या आईच्या पिढीला ‘निर्धूर चूल’ आठवत असेल. तिचा धूर काढायला धुराडं, धुराडं टेकवायला भिंत, भिंतीला घर. जिला वर्षातले पाच महिने भिंतच नाही तिचा विचार त्या आराखड्यात कुठेच नव्हता. मग बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि बीपी कंपनीने मिळून ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल आणली. ती महाराष्ट्र-कर्नाटकात बरीच खपली, कारण ती खरंच चांगली जळायची. तिला शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबलेल्या गोळ्या लागायच्या. गोळ्या महागल्या आणि चुली माळ्यावर गेल्या. यावर ‘बायका जुनं सोडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी गोळ्यांचा भाव बघावा. जिचं इंधन विकत घ्यावं लागतं ती चूल त्या इंधनाच्या भावाइतकीच टिकते.

आणि उज्ज्वला. २०१६ मध्ये सुरू झाली, चांगली योजना आहे, तिच्यामुळे गावाकडच्या अनेक घरांत गॅस आला हे मान्य करायलाच हवं. पण कनेक्शन गावाकडच्या घराला आणि बाई ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तीनशे-चारशे किलोमीटर लांब. १४.२ किलोचा सिलेंडर भरलेला उचलून बघा, तीस किलोच्या आसपास भरतो. तो म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांजवळ राहतो. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा चालेल अशी सवलत आली, आणि ५ किलोचा छोटा सिलेंडर तर पत्त्याच्या पुराव्याशिवायही मिळतो. म्हणजे नियमांची अडचण बरीचशी संपली. अडचण आहे ती भरून कुठे मिळणार आणि पैसे कोण देणार याची. मला विचाराल तर गॅस लाकडापेक्षा केव्हाही बरा. कारखान्याच्या गाडीतळावर जिथे शेकडो कोप्या एका जागी असतात, तिथे ५ किलोच्या सिलेंडरचं केंद्र कारखान्याने चालवावं आणि दर सवलतीचा ठेवावा, त्यात अवघड काही नाही. पण फडाफडात विखुरलेल्या टोळ्यांकडे सिलेंडर रोज पोचणार नाही. तिथे लाकडाचीच चूल लागणार आणि ती चांगली असली पाहिजे. शिवाय गॅस असला तरी आंघोळीचं पाणी लाकडावरच तापतं, हे कुठल्याही घरातल्या बाईला विचारा.

लाकूड येतं कुठून, हेही बोलू. बांधावरून. बाभळीची फांदी तोडली म्हणून टोळीतल्या बायकांना शिव्या देणारे शेतकरी आपल्यातलेच आहेत. ज्याच्या उसासाठी ती माणसं आली, त्याच्या बांधावरची दोन लाकडंही चोरून घ्यावी लागतात. चूल निम्म्या लाकडात भागवणारी झाली तर हा रोजचा अपमानही निम्मा होईल. अर्थात सराईत बाई तीन दगडांवरही आपल्यापेक्षा निम्म्या लाकडात स्वयंपाक करते, तो भाग वेगळा.

खर्चाचं बघू. शंभराच्या लॉटमध्ये, जाड नळी, ताट आणि तव्याच्या बैठकीसकट, आपल्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अशी चूल दीड हजाराच्या आसपास बसावी, असा माझा अंदाज आहे. नवरा-बायकोचा एक कोयता. दिवसाला दीड टन आणि हंगाम शंभर दिवसांचा धरला तर दीडशे टन. चूल तीन हंगाम टिकली तर टनामागे साडेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं आधीच ठरलेलं आहे. म्हणजे पैशाचं डोकं कुठे आहे तेही शोधायला नको.

पण एक अट. ही चूल मुकादमामार्फत देऊ नये. मुकादमाने दिली की ती उचलीत धरली जाते आणि तीन हजाराची होते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. कारखान्याच्या शेतकी खात्याने कोयत्याच्या नोंदणीबरोबर, बाईच्या नावाने, बाईच्या हातात द्यावी. हंगाम संपला की ती तिने गावी न्यावी. परत मागू नये.

हार्वेस्टर येतोय, कामगारच राहणार नाहीत, मग हे कशाला, असंही एकजण परवा म्हणाला. आपल्याकडची गुंठ्यागुंठ्याची रानं आणि ओढ्याकाठचे तुकडे बघता हार्वेस्टर सगळीकडे शिरायला अजून बरीच वर्षं आहेत. आणि पुढच्या हंगामात येणाऱ्या बाईला पुढच्या हंगामातच भाकरी करायची आहे.

माझ्याकडून एवढं करतोय : यंदा प्रोजेक्टच्या यादीत ‘पोर्टेबल स्टोव्ह’ या विषयापुढे मी ‘वीस भाकरी, टोळीवर चाचणी’ असं लिहिलंय. कुणाला ट्रेकरसाठीच करायचा असेल तर त्याने दुसरा गाइड बघावा. दोन गट तयार झालेत. ज्या वेल्डिंगवाल्यांना एक-दोन नमुने बनवून बघायचेत त्यांनी इनबॉक्सला या. मापं फुकट देतो, पेटंट वगैरे काही नाही.

तुमच्याकडून हवंय ते असं. सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील. अहवाल चाळताना तोडणी-वाहतुकीचा खर्च बघालच. त्या पानावर बोट ठेवून उभं राहा आणि चेअरमनसाहेबांना विचारा : आपल्याकडे यंदा किती कोयते येणार आहेत, आणि त्यातल्या किती जणी तीन दगडांवर रांधणार आहेत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.